मुतखड्याचा डॉक्टर घडतो कसा?

मुतखड्याची कळ ज्याने एकदा सोसली, त्याला उन्हाळा वेगळा सांगावा लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, मोडनिंब या पट्ट्यात दुपारी रानात उभे राहवत नाही. घामावाटे अंगातले पाणी जाते, घशाला कोरड पडेपर्यंत गडी पाण्याला हात लावत नाही, आणि बायाबापड्या तर आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच टाळतात. लघवी घट्ट होते, तिच्यातले क्षार खाली बसतात आणि खडा धरतो. उजनीचे पाणी शेताला आले, ऊस आला, डाळिंब आले. पण राबणाऱ्याच्या पोटात वेळेवर तांब्याभर पाणी जाईलच, असे काही झाले नाही.

आता समजा, तुमच्याच घरात कुणाला मध्यरात्री कळ निघाली. गावातल्या डॉक्टरांनी सुई दिली, तेवढ्यापुरते बरे वाटले, सकाळी परत तेच. सोनोग्राफी झाली आणि चिठ्ठी मिळाली, 'सोलापूरला न्या'. तुम्ही पेशंट घेऊन सिव्हिलला गेलात. केसपेपर काढला, आत गेलात, तर समोर पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा. डोळे तांबारलेले, गळ्यात स्टेथोस्कोप, खिशाला तीन पेनं. तुमच्या तोंडून हमखास निघणार, "मोठे डॉक्टर कुठायत? आम्हाला शिकाऊ नको."

मंडळी, हा प्रश्न चुकीचा नाही. आपल्या माणसाच्या अंगाला हत्यार लावणारा हात कुणाचा आहे, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहेच. पण तो पोरगा कोण, त्याला काय करू देतात, काय करू देत नाहीत आणि तो पुढे मोठा डॉक्टर होतो तो कसा, हे ठाऊक असले तर नेमके काय विचारायचे तेही कळेल. म्हणून हा लेख.

आधी वर्षांचा हिशोब करू. बारावीनंतर 'नीट' परीक्षा, मग साडेचार वर्षे एम.बी.बी.एस. आणि एक वर्ष इंटर्नशिप. झाली साडेपाच. पुन्हा परीक्षा, मग तीन वर्षे एम.एस. म्हणजे जनरल सर्जन. झाली साडेआठ. इथपर्यंत तो अपेंडिक्स, हर्निया, गळू, आतड्याची गाठ अशी सगळी कामे शिकतो. मूत्रपिंड, मूत्रनळी, मूत्राशय, प्रोस्टेट एवढ्याचाच तज्ज्ञ, म्हणजे युरॉलॉजिस्ट व्हायचे असेल तर तिसरी परीक्षा आणि आणखी तीन वर्षे एम.सीएच. एकूण साडेअकरा. शिवाय सरकारी कॉलेजात शिकलेल्यांना बॉण्डची सरकारी सेवा असते आणि परीक्षेच्या तयारीत वर्ष-दोन वर्षे जातात, ती निराळी. अठराव्या वर्षी निघालेला मुलगा तिशी ओलांडूनच मुक्कामी पोचतो. तोवर त्याच्या वर्गातला शेती करणारा मित्र दोन लेकरांचा बाप होऊन सोसायटीच्या कर्जाचे हप्तेही भरत असतो.

सोलापूरला डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे आणि त्याला जोडून छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. यालाच आपण सिव्हिल म्हणतो. तिथे तुम्हाला भेटतो तो बहुतेक वेळा एम.एस. करणारा निवासी डॉक्टर. युरॉलॉजीचे एम.सीएच. शिकायचे तर आपल्या राज्यातली जुनी आणि नावाजलेली ठिकाणे म्हणजे मुंबईची के.ई.एम., सायन आणि नायर ही महापालिकेची रुग्णालये. जागा मोजक्या आणि रांग देशभराची. म्हणून हा तज्ज्ञ तालुक्याच्या गावी सहज भेटत नाही, आणि शिकून बाहेर पडला की मोठ्या शहरात राहतो. त्याला एकट्याला बोल लावून उपयोग नाही. दुर्बीण, सी-आर्म, लेझर, भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी यांच्याशिवाय युरॉलॉजिस्ट म्हणजे बैलाशिवाय नांगर.

'निवासी' हा शब्द कुठून आला? अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. तिथे हॅल्स्टेड नावाच्या सर्जनने शिकणाऱ्या डॉक्टरांना रुग्णालयातच ठेवून घेण्याची शिस्त बसवली. राहायचे तिथेच, काम तिथेच, आणि जबाबदारी पायरी-पायरीने वाढत जायची. तीच पद्धत पुढे जगभर गेली, आपल्याकडेही आली. त्याच हॅल्स्टेडने १८९७ मध्ये ह्यू यंग नावाच्या तरुण डॉक्टरला मूत्ररोगाचा विभाग सांभाळायला सांगितले. त्या तरुणाला या विषयाची तोपर्यंत फारशी माहितीही नव्हती. पुढे तोच अमेरिकेतल्या युरॉलॉजीचा पाया घालणारा म्हणून ओळखला गेला.

अर्थात हाताला सवय लावूनच माणसावर शस्त्र चालवायचे, हा विचार आपल्याला परका नाही. सुश्रुतसंहितेत या सरावावर एक आख्खा अध्याय आहे. शिष्याने कापण्याचा सराव कोहळा, दुधी भोपळा, कालिंगड, काकडी यांच्यावर करावा. भोसकून छेद देण्याचा सराव पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीवर करावा, असे त्यात सांगितले आहे. मुतखडा कापून काढण्याचे वर्णनही त्याच ग्रंथात आहे. शस्त्रक्रिया नाही केली तर मरण ठरलेले आणि केली तर यश संशयाचे, म्हणून वैद्याने आधी राजाची परवानगी घ्यावी, असेही लिहून ठेवले आहे. आज राजाच्या जागी तुम्ही आहात. तुमच्या सहीशिवाय टेबलावर घेता येत नाही. गंमत अशी, की दुधी भोपळा अजूनही सुटलेला नाही. मूत्रपिंडात सुई कशी घालायची याचा सराव दुधी भोपळ्यावर घेण्याची युक्ती आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती.

आता एम.सीएच.च्या तीन वर्षांत काय होते ते पाहू. प्रत्येक कॉलेजची रीत थोडी वेगळी, पण साधारण चाल अशी.

डाळिंबाच्या बागेत नव्या गड्याला पहिल्या दिवशी कोणी छाटणीची कात्री देत नाही. आधी फुटवे काढायचे, काड्या गोळा करायच्या, कुठली फांदी का ठेवली ते बघायचे. पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर तसाच. वॉर्डातले ड्रेसिंग, रक्त-लघवीचे रिपोर्ट, कुणाची नळी तुंबली, कुणाला रात्री ताप आला, हे सगळे त्याच्या अंगावर. लघवी अडलेल्या म्हाताऱ्याला नळी घालणे ऐकायला सोपे वाटते. पण प्रोस्टेट फुगलेली असताना जोर केला तर मार्ग फाटतो आणि त्या माणसाला पुढे जन्मभर त्रास होतो. नळी कधी घालायची आणि कधी हट्ट सोडून पोटाच्या खालच्या बाजूने मूत्राशयात वाट काढायची, हे ओळखणे पहिल्या वर्षाचे मोठे शिक्षण. दुर्बीण आत घालून नुसते बघायला तो याच वर्षी शिकतो, आणि स्टेंट काढायलाही. त्या स्टेंटकडे मी पुन्हा येणार आहे.

रात्रीची एक गोष्ट मात्र इथेच सांगतो, कारण तिच्यावर जीव अवलंबून असतो. खड्याची कळ आहे आणि सोबत थंडी वाजून ताप आला आहे, तर तो नुसता मुतखडा राहिला नाही. अडकलेल्या लघवीत पू झाला असू शकतो. अशा वेळी खडा काढण्याची घाई नसते. मूत्रपिंडात तुंबलेले घाण पाणी त्याच रात्री बाहेर काढायचे असते, आतून स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून. खडा मागून बघता येतो. हे काम बहुधा ड्युटीवरचा निवासी डॉक्टर आपल्या वरिष्ठाला फोनवर कळवून किंवा बोलावून करतो. 'मोठे डॉक्टर सकाळी येतील तेव्हा बघू' म्हणून तुम्ही पेशंट हलवत बसलात, तर तो विषबाधेने दगावू शकतो. अशा रात्री त्या शिकाऊ पोराचा हातच तुमच्या कामी येतो.

दुसऱ्या वर्षी हातात हत्यार येते. इथे लोकांचा समज असा, की एक दिवस साहेब सांगतात 'आज तू कर' आणि पोरगा ऑपरेशन करून मोकळा होतो. तसे होत नाही. एका ऑपरेशनचे तुकडे पाडतात. प्रोस्टेटचेच घ्या. लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेने वाढलेला भाग खरवडून काढतात. विहिरीतला गाळ काढावा तसे काम. पण कडेचे बांधकाम फुटता कामा नये आणि विहीर सारखी पाण्याने वाहती ठेवायची. शिकणाऱ्याला आधी नुसती दुर्बीण घालायला मिळते. मग मधल्या सुरक्षित भागाचे दहा-पंधरा मिनिटे खरवडणे. घड्याळ बघितले जाते, कारण जुन्या पद्धतीत आत सोडलेले पाणी रक्तात मुरून पेशंटला त्रास होऊ शकतो. वेळ झाली की साहेब जागा घेतात. पुढच्या महिन्यात वीस मिनिटे. कडेचा, जिथे लघवी धरून ठेवणारा स्नायू असतो तो भाग हाताला सर्वांत शेवटी मिळतो. तो स्नायू दुखावला तर माणूस आयुष्यभर ओला राहतो, हे त्याला पहिल्या दिवसापासून सांगितलेले असते. आता बहुतेक ठिकाणी समोर पडद्यावर सगळे दिसते, त्यामुळे साहेबांची नजर एक क्षणही हटत नाही. जुन्या काळी दुर्बिणीला एकच डोळा लावता येई. शिष्य आत काय करतोय ते गुरूला दिसतच नसे. ती पिढी कशी शिकली असेल, देव जाणे.

मूत्रपिंडातला मोठा खडा काढायचे काम याहून अवघड. पूर्वी कुशीत वीतभर चिरून खडा काढत, पेशंट पंधरवडा खाटेवर. स्वीडनमध्ये १९७६ साली पाठीत लहान भोक पाडून दुर्बिणीने खडा काढण्याची पद्धत निघाली. १९८० साली जर्मनीत म्युनिकला बाहेरून लहरींचे हादरे देऊन खडा फोडण्याचे यंत्र माणसावर वापरले गेले. आता मोठ्या खड्याला पाठीतले भोक आणि नळीतल्या खड्याला खालून दुर्बीण, हीच नेहमीची वाट झाली आहे. त्यातली मेख म्हणजे पहिली सुई. एक्स-रेच्या पडद्यावर बघत मूत्रपिंडाच्या नेमक्या कप्प्यात सुई गेली पाहिजे. बोअर मारताना आपण पानाड्याच्या हातातल्या नारळावर भरवसा ठेवतो, नाही लागले पाणी तर पैसे गेले म्हणतो. इथे बोट-अर्धे बोट चुकले तर मोठी रक्तवाहिनी लागते. म्हणून दुसऱ्या वर्षी शिकणाऱ्याच्या वाट्याला शेवटची कामे येतात, म्हणजे वाट पडल्यावर खडा फोडणे, तुकडे उचलणे. वाट रुंद करण्याचे काम त्यानंतर. सुई सर्वांत शेवटी, तीही तिसऱ्या वर्षाच्या उंबऱ्यावर. या ऑपरेशनात हात बसायला साठेक पेशंट करावे लागतात, असे एका इंग्रज डॉक्टरांच्या अभ्यासात २००५ च्या सुमारास दिसले होते, आणि सफाई यायला शंभरावर. म्हणजे पदवी मिळाली की शिक्षण संपले असे समजू नका.

तिसऱ्या वर्षी मूत्रपिंड काढणे, अडलेला मूत्रमार्ग नव्याने जोडणे, कॅन्सरची ऑपरेशने, पोटात भोके पाडून कॅमेऱ्याने करायची ऑपरेशने. जिथे सोय आहे तिथे मूत्रपिंडरोपणात हाताखाली उभे राहणे. आपल्या देशात जिवंत नातेवाइकाचे मूत्रपिंड बसवण्याचे पहिले यशस्वी ऑपरेशन १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. आज ते शिक्षणाचा भाग आहे. पण दुर्बिणी आल्या तशी एक अडचणही आली. चिरफाडीची जुनी ऑपरेशने आता इतकी कमी झाली आहेत, की आजच्या मुलांना ती पुरेशी बघायलाच मिळत नाहीत. दुर्बिणीच्या कामात अचानक रक्त सुटले तर शेवटी पोट उघडूनच सावरावे लागते. माझ्या मते या शिक्षणातली आजची खरी उणीव हीच आहे.

या सगळ्याची नोंद कुठे राहते? प्रत्येकाची एक वही असते, तिला लॉगबुक म्हणतात. अमुक ऑपरेशन नुसते पाहिले, अमुकात मदत केली, अमुक साहेबांच्या देखरेखीखाली स्वतः केले, अमुक स्वतंत्रपणे केले, असे रकाने. शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, बाहेरचे परीक्षक. आपल्या राज्यात ही पदवी देणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला १९९८ मध्ये स्थापन झाले.

म्हणून सिव्हिलला किंवा मुंबईला गेलात तर 'शिकाऊ नको' म्हणण्यापेक्षा हे विचारा: "ऑपरेशन कुणाच्या नावावर आहे? टेबलाजवळ वरिष्ठ डॉक्टर हजर राहणार ना? रक्त लागले तर सोय आहे का?" संमतीपत्र मराठीत मागा, वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, मगच सही किंवा अंगठा. अशा प्रश्नांचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. आणि खरे तेही सांगतो. शिकवणाऱ्या रुग्णालयात शिकणारा हात लागणारच. तो न लावता पुढचा डॉक्टर तयार होत नाही. गरिबाच्याच अंगावर शिकतात, ही बोच मात्र खोटी नाही. तिच्यावर उतारा देखरेखीचा आहे, आणि देखरेख होते की नाही हे विचारणारा नातेवाईक लागतो.

त्या पोराचे डोळे तांबारलेले का, तेही ऐका. केंद्र सरकारने १९९२ मध्ये निवासी डॉक्टरांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा लिहून दिली होती. कागदावरची मर्यादा कागदावरच. सलग चोवीस-छत्तीस तास उभे राहणे त्यांना नवीन नाही. त्यांच्या 'मार्ड' संघटनेचे संप आपण पेपरात वाचतो, त्यामागे हेही एक कारण असते. गावपुढाऱ्यांना एक विनंती: पेशंट दगावला की पंधरा-वीस जणांचा जमाव घेऊन वॉर्डात जाऊ नका. डॉक्टर-रुग्णालयावर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड असा राज्याचा कायदा २०१० पासून आहे. तक्रार असेल तर अधिष्ठात्यांकडे लेखी द्या, पोच घ्या.

खर्चाची काळजी असणाऱ्यांसाठी एवढेच, की २०१२ साली राज्यात जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला सोलापूर होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. मूत्ररोगाची बरीच ऑपरेशने तीत बसतात. जाताना रेशनकार्ड आणि आधार विसरू नका. आरोग्यमित्राला आधी भेटा.

आणि एक ठिकाण असे, जिथे युरॉलॉजिस्टची वाटच पाहायची नाही. दहा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या वृषणाला, साध्या भाषेत गोटीला, एकदम कळ लागली, उलट्या झाल्या, तर तिला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर गोटी वाचते. पोरगा लाजून सांगत नाही, आई शेक देते, आणि वेळ जातो. हे ऑपरेशन कुठलाही जनरल सर्जन करू शकतो. जो जवळ आणि जागा असेल त्याच्याकडे न्या, मग तो बार्शीत असो की पंढरपुरात.

आता राहिलेला स्टेंट. खडा काढल्यावर मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक बारीक, दोन्ही टोकांना वळवलेली प्लास्टिकची नळी पुष्कळदा ठेवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. सूज उतरेपर्यंत लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून ती असते. बाहेरून काहीच दिसत नाही. साधारण दोन ते सहा आठवड्यांत ती काढायची असते. काढणे म्हणजे जेली लावून दुर्बीण घालायची आणि चिमट्याने ओढून घ्यायची, पाच-दहा मिनिटांचे काम, पहिल्या वर्षाचा डॉक्टर करतो ते. पण होते काय? कळ थांबली, पेरणी आली, कारखान्याची तोड आली, माणूस कामाला लागला. लघवीला थोडी आग, ओझे उचलल्यावर थोडे लाल, 'चालायचंच' म्हणून सोडून दिले. कागद पत्र्याच्या पेटीत. कुणी स्टेंटला ऑपरेशनचाच कायमचा भाग समजतो, कुणाला तो ठेवलाय हेच माहीत नसते. वर्ष-दोन वर्षांनी त्या नळीवरच खडा चढतो, दोन्ही टोकांना दगडाच्या गाठी होतात, ओढली तर निघत नाही, तुटते. मग पाठीतून भोक, खालून दुर्बीण, कधी दोन-तीन वेळा टेबलावर. काही पेशंटांचे मूत्रपिंडच तोवर वाळून जाते. पाच मिनिटांचे पहिल्या वर्षाचे काम असे तीन-तीन तासांचे होऊन बसते.

यात रुग्णालयांचीही चूक आहे. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत एक ओळ लिहून भागत नाही. पण गावातही करण्यासारखे आहे. कुणी मुतखड्याचे ऑपरेशन करून परत आला की आशाताईंनी दोनच प्रश्न विचारावेत: "आत नळी ठेवलीय का? काढायची तारीख काय?" ती तारीख त्यांनी आपल्या डायरीत आणि पेशंटने घरच्या कॅलेंडरवर लिहावी, जिथे आपण गाय कधी भरवली ते लिहितो. ऊसतोडीला जिल्ह्याबाहेर जाणारे कुटुंब असेल तर निघण्याआधी डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स सोबत द्यावी. नळी कुठल्याही शिकवणाऱ्या रुग्णालयात काढून मिळते, बसवली तिथेच जायला हवे असे नाही. ज्यांच्या घरात गेल्या दोन-तीन वर्षांत असे ऑपरेशन झाले आहे, त्यांनी आज पेटी उघडून ते कार्ड बाहेर काढावे आणि उपकेंद्रात दाखवावे.